भरतीचा फोल्डर

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर अमितानं मोबाइल कानाला लावला आणि भलतंच झालं. इतिहासाच्या सनावळ्यांऐवजी लग्नातलं नाचाचं गाणं दणाणून वाजू लागलं. घाईघाईनं बटणं दाबली, तर आवाज आणखीच वाढला. शेजारी उभा असलेला तरुण हसला.

"हसताय काय? बंद करता येतं का?"

"येतं की." त्यानं मोबाइल घेतला, एक बटण दाबलं. "गाणी आणि... हे काय, भूगोल? सगळं एकातच मिसळलंय."

"पोलीस भरतीचं हाय ते," अमिता ताठ मानेनं म्हणाली.

गुरांमागं फिरताना पुस्तक धरता येत नसे, म्हणून ती धडे स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायची आणि डोंगरावर ऐकायची. चायना मोबाइल मुंबईतल्या भावानं दिलेला. त्याची गाणी पुसायची नाहीत ही अट. आणि आता मेमरी कार्ड भरलं होतं.

तरुण महाडला झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचा. नाव महिपत. "दुकानात या," तो म्हणाला. "गाणी कॉम्प्युटरवर ठेवू, कार्ड मोकळं होईल."

ती गेली. त्यानं 'भरती' नावाचा फोल्डर केला आणि एकेक धडा ऐकून त्याला नाव देऊ लागला.

"महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई... ए चंद्रे, फिर गो मागं!"

महिपतला हसू आवरेना. "ही म्हैस काढून टाकू?"

"राहू दे. तिच्यामुळंच कळसूबाई ध्यानात राहते."

"आवाज... गोड आहे."

"म्हशीचा?"

"तुमचा."

"फाइलींकडं बघा," ती म्हणाली. पण खुर्चीत उगाच सावरून बसली.

मग ती दर आठवड्याला नवे धडे घेऊन येऊ लागली. महिपत प्रश्न विचारी. उत्तर चुकलं तर चहा तिनं पाजायचा. पुढं पुढं त्याला चहा मिळेनासा झाला.

दिवाळीत वडील रावजींनी मुंबईचं स्थळ आणलं. "निकाल लागल्याबिगर मी कुणासमोर बसणार नाय," अमितानं सांगितलं आणि पहाटे कशेडीच्या रस्त्यावर पळायला गेली, कानात धडे लावून.

निकाल लागला. यादीत तिचं नाव होतं! ती थेट दुकानात आली. महिपत आधी आनंदानं उभाच राहिला. मग त्याचा चेहरा उतरला.

"आता तुम्ही ट्रेनिंगला जाणार... मग..."

"मग काय?"

"काही नाही. फोल्डर आता पुसायला हरकत नाही."

"महिपत, तोंडातल्या तोंडात बोलू नका. विचारायचं ते विचारा."

"माझ्याशी... लग्न कराल?"

"करीन. ट्रेनिंग संपलं की. पण बाबांना विचारायला तुम्ही यायचं. वाडीवर गाडी जात नाय, चढावं लागंल."

"आजच येतो."

चढणीवर ती पुढं, तो मागं. अंगणात पोचेपर्यंत त्याच्या छातीचा पार भाता झाला होता. रावजींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "काय काम काढलंत?"

महिपतनं तोंड उघडलं... पण बोलायला दमच नव्हता.

"मला मागणी घालायला आलेत," अमितानं सांगून टाकलं. "आणि मी हो म्हटलंय."