मावशीला पाठ असलेला नंबर

डोळ्यांच्या दवाखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळ्यांच्या तोंडी 'फोनवाल्या ताई'. कामही तेच होतं म्हणा. ज्या म्हाताऱ्या माणसांची नजर गेली, म्हणजे पुरती गेली नाही पण कामाची राहिली नाही, त्यांच्या घरी जायचं आणि त्यांना वापरता येईल असा फोन करून द्यायचा. मोठ्या आकड्यांचा फोन बसवायचा, पाचाच्या बटणावर रबराचा टिपका चिकटवायचा म्हणजे बोटाला मधली जागा सापडते, रिसीव्हर पांढरा असेल तर त्याला काळी पट्टी गुंडाळायची. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ज्याच्याशी दिवसभरात कुणी चार शब्द बोलत नाही, त्याला विचारा.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला ती एका टेलरमास्तरांकडे गेली होती. दुसरा मजला, दोन खोल्या आणि मधे एक अरुंद, अंधारा पॅसेज. मास्तरांच्या नजरेचा मधला भाग गेला होता, कडेकडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळे बोलताना ते समोरच्याच्या कानाकडे बघत. नवखा माणूस हटकून मागे वळायचा, आपल्या पाठीशी कोण उभं आहे म्हणून. तिला सवय होती, ती वळली नाही.

"मुलानं चिठ्ठी लिहून ठेवलीय, फोन खाटेजवळ लावा म्हणून," मास्तर म्हणाले. "ज्याला फोन करायचाय त्याला कुणी विचारलंच नाही."

"जुना कुठे होता?"

"या पॅसेजमध्ये. बायको होती तेव्हापासून तिथंच."

"मग नवाही तिथंच लागेल. हाताला सवय असलेली जागा मी हलवत नाही, काका."

"हे बरं केलंत. पुस्तकात लिहिलेलं असतं का असं?"

"नाही," ती म्हणाली आणि पिशवीत स्क्रूड्रायव्हर शोधायला लागली.

पुस्तकात कुठलं असायला? ते ती मावशीकडून शिकली होती, आणि तेही मावशी गेल्यावर. आई लहानपणीच गेलेली, मावशीनंच हिला वाढवलं. पुढे मावशीची नजर अधू झाली तेव्हा ही नुकतीच हे काम शिकून आली होती, अंगात भारी उत्साह. मावशीचा फोन तीस वर्षं स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर होता. हिनं तो काढला आणि मोठ्या बटणांचा नवा फोन खाटेजवळ ठेवला. मावशी म्हणाली होती, "अगं राहू दे तिथंच, माझा हात आपोआप जातो." ही म्हणाली, "मावशी, शिकून आलेय मी हे." महिन्याभरात मावशी स्वयंपाकघराच्या दारात पडली. एका पायात चप्पल होती, दुसरी लांब उडालेली. शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी दार फोडलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली होती, आणि जुना फोन काढल्यावर भिंतीत राहिलेल्या चार भोकांखालचा चुना तिच्या नखांत गेला होता. पाठ असलेला नंबर एकच, हिचा. तो त्या दिवशी वाजलाच नाही.

नंतर हिला तो नंबर नकोसा झाला. कंपनीला परत दिला आणि नवा घेतला. या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. खरं काय ते तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

तर मास्तरांचा नवा फोन बोलका होता. जे बटण दाबाल तो आकडा मोठ्यानं बोलून दाखवायचा, म्हणजे चुकलं तर कळतं. त्यात तिनं सेल घातले आणि तो स्टुलावर ठेवून भिंतीत खुंट्या ठोकल्या. लाइनची वायर अजून पिशवीतच गुंडाळलेली होती.

"ताई," मास्तर खुर्चीतून म्हणाले, "त्या बाईंना बसायला सांगा ना. मघापासून उभ्या आहेत."

"मी एकटीच आलेय, काका."

"असं? मग असेल."

तिला यात नवल वाटलं नाही. असे डोळे गेलेल्यांना नसलेली माणसं दिसतात, हे ती रोज कुणा ना कुणाला समजावत असे. रिकाम्या जागेत मेंदू आपल्या मनानं चित्रं भरतो, वेड लागलेलं नसतं, घाबरू नका. तिनं ते पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं.

मास्तर हसले. "ते माहिताय हो मला. डॉक्टरांनी सांगितलंय. मला टोप्या घातलेली पोरं दिसतात. परवा शिलाई मशीनशेजारी घोडा उभा होता, चांगला उमदा. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तुझं माप घ्यायला टेप पुरायची नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण ती सगळी मुकी असतात, ताई. या बाई भिंत चाचपतायत… आणि मला ते ऐकू येतंय."

तिनं हातोडी खाली ठेवली. पॅसेजमध्ये काही हललं नाही. आणि मग तिलाही ऐकू आलं. कोरडा तळहात चुन्यावरून सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता. निलगिरीच्या तेलाचा वास आला. गुडघ्यांना तेच तेल चोळायची मावशी.

"काका… कशा दिसतात त्या?"

"तोंड नाही दिसत. ठेंगण्या आहेत." मास्तर तिच्या कानापलीकडे बघत होते. "एकाच पायात चप्पल आहे."

ती भिंतीला चिकटली. तिला पळावंसं वाटत होतं, आणि पळाले तर मावशीला पुन्हा कधी तोंड दाखवता येणार नाही असंही वाटत होतं.

"फोन शोधत असतील," मास्तर हळूच म्हणाले. "लावून टाका की. बिचाऱ्या दमल्यात."

तिनं तो स्टुलावरून उचलला. खुंट्यांवर अडकवताना तो दोनदा निसटला. मग ती बाजूला झाली, अगदी दारापर्यंत. तळहाताचा आवाज जवळ आला आणि थांबला.

"नऊ," फोन बोलला.

मग बराच वेळ काही नाही.

"सात… सात…"

एकेक आकडा येत गेला, सावकाश, बोट चाचपत गेल्यासारखा. दहा आकडे. एकही चुकला नाही. तिचा नंबर होता तो, मावशीला पाठ असलेला. तिची पिशवी तिथंच स्टुलाशी पडलेली होती, त्यात तिचा मोबाइल होता, आणि तो गप्प होता.

"कुणाचा नंबर हा?" मास्तरांनी विचारलं.

"माझा."

"मग वाजला कसा नाही?"

"बदललाय मी… आता दुसरा आहे."

मास्तर म्हणाले, "त्यांना सांगायचं राहिलं असेल." आणि मग, "पण उचललाय कुणीतरी. बोलतायत त्या. आता हसल्या बघा."

त्यानंतर वास गेला. तिनं वायर कशीबशी जोडली, मास्तरांना बटणं समजावली आणि घरी आली. नवऱ्याला म्हणाली, डोकं दुखतंय.

तीन दिवस ती रोज मोबाइल हातात घेई आणि परत ठेवून देई. स्वतःचाच जुना नंबर, पण लावायचं जिवावर येई. मनात एकच होतं. मावशीशी एकदा बोलायचं, फोन तिथून काढायला नको होता एवढं सांगायचं. चौथ्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीला, नवरा बाहेर गेलेला असताना, तिनं लावला. वाजला आणि लगेच उचलला गेला.

"हॅलो?" तरुण बाईचा आवाज होता. मागे कुकरची शिट्टी झाली. "मावशी, बोला."

तिनं मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"मावशी नाही का? कोण बोलतंय?"

"हा नंबर… तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"झाली की अडीच-तीन वर्षं. का हो?" बाई बोलक्या होत्या. "त्या मावशींच्या घरचं कुणी आहात का? चार दिवस झाले, रोज फोन येतो त्यांचा. पडलेय म्हणतात, ये जरा. पहिल्या दिवशी मी सांगितलं, अहो, राँग नंबर. ऐकूनच घेईनात. मग मी म्हटलं, येते हं मावशी, निघालेच. तेव्हा कुठे हसल्या. तेव्हापासून रोज तेच सांगते. त्यांचं कुणी बघत नाही का हो? फार वाईट वाटतं."

हीच वेळ होती. 'मी त्यांची भाची' एवढे तीन शब्द. पण पुढे ती बाई विचारणार, मग तुम्ही कुठे होतात? आणि शरमेनं तिची जीभ अडली.

"नाही," ती म्हणाली. "माझी कुणी नाही. चुकून लागला."

"बरं, बरं. काल तर म्हणाल्या, तू कामात असतेस गं, मीच येते आता. भिंत धरून येते हळूहळू…" बाई थांबल्या. "एक मिनिट हं, दार वाजतंय."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. पावलं लांब गेली, कडी निघाली. मग बाईंचा आवाज आला, जरा घाबरलेला, पण मायेचा. "अगंबाई… या. सावकाश, उंबरा आहे. माझा हात धरा."

"मावशी," ती फोनमध्ये म्हणाली. मग मोठ्यानं, "मावशी, मी इथे आहे. मावशी, मी बोलतेय." ती ओरडत राहिली.

पलीकडे खुर्ची ओढली गेली. कुणीतरी दमून बसलं. आणि तीन वर्षांनी तिनं तो आवाज ऐकला, अगदी होता तसाच.

"कोण आहे गं फोनवर?"

"कुणी नाही, मावशी," बाई जवळ येत म्हणाल्या. "चुकून लागलेला," आणि त्यांनी फोन बंद केला.