सुभेदार आबांचा पोकळ गिलावा

“अरे विश्वजीत, ते फूल नको! त्याच्यामागे काकडी नाहीये, तो नर आहे!” सृष्टी ओरडली.

“मग नराचं काय करायचं?”

“तो तोडायचा, पाकळ्या काढायच्या आणि मधला पराग मादीच्या फुलात टेकवायचा. हळू रे! घंटा वाजवतोयस का?”

आयेशा लाल लोकरीचा गुंडा घेऊन मागे उभी होती. पराग लावलेल्या फुलाच्या देठाला ती सैल धागा बांधत होती. “बास आता. ऊन वर आलं. टोपी न्हाई डोक्यावर! काकूंनी बघितलं तर तिघांनाबी घरात कोंडतील.”

साताऱ्याची सृष्टी आणि तिचा धाकटा भाऊ विश्वजीत उन्हाळ्याच्या सुट्टीत काकांच्या मळ्यात आले होते, आष्ट्याजवळ. शेजारच्या मोहिद्दीन गवंड्यांची आयेशा सृष्टीच्याच वयाची. मळ्याच्या चारी बाजूंना नजर जाईल तिथवर ऊस. मधल्या तुकड्यात मात्र यंदा काकडी होती. राजेश्वरी काकूने ते रान हट्टाने मागून घेतलं होतं. लग्न होऊन आल्यापासून हे पहिलंच तिचं स्वतःचं पीक.

वेल फुलांनी नुसते लदबदले होते. काकड्या मात्र एका टोकाला फुगलेल्या, दुसऱ्या टोकाला बोटासारख्या बारीक आणि वाकड्या! बाकीच्या पिवळ्या पडून गळत होत्या. आकाराम काकांनी जेवताना जाहीर केलं होतं, “रविवारी लालासाहेबाचा ट्रॅक्टर येतोय. वेल मोडायचे, रान उसाला घ्यायचं. लय झाला खेळ!”

काकू अर्धी भाकरी ताटात ठेवून उठली. सृष्टीने ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी वेलांजवळ बसू लागली आणि तिच्या लक्षात आलं, की फुलांवर एकसुद्धा मधमाशी फिरकत नाही. म्हणून तर हा धाग्याचा उद्योग!

चार-पाच दिवसांनी, शनिवारी सकाळी तिघं धावतच शेतात गेले.

“सरळ! ही पण सरळ!” विश्वजीत नाचू लागला. “धागेवाल्या सगळ्या सरळ, बिनधाग्याच्या वाकड्या!”

“म्हणजे वेलाला रोग नाही,” सृष्टी जवळच खुरपणाऱ्या काकूला म्हणाली. “माश्या नाहीत, एवढंच. काकू, आधी यायच्या का गं माश्या?”

“व्हय की! तिळाएवढ्या, काळ्या. आमच्या माहेरी मेढ्याकडं पोयाच्या माश्या म्हणतात त्यास्नी. नांगीच नसती, चावत न्हाईत. पण हल्ली दिसंनात बघ. आन् विहिरीच्या कडेला जायचं नाही हं, कुणीच!”

विहिरीच्या बरंच अलीकडे मोटारीची खोली होती. जुनी, दगडमातीची. तिच्या भिंतीसमोर आयेशा एकदम थांबली. चार-पाच बारीक काळ्या माश्या एकाच जागी घिरट्या घालत होत्या. बसायच्या, उडायच्या, पुन्हा तिथंच बसायच्या. तिथं तर नुसता सिमेंटचा करडा ठिपका होता!

आयेशाने बोटाने ठोकून पाहिलं. आजूबाजूला टणक आवाज. ठिपक्यावर मात्र बद्द! तिने भिंतीला कान लावला आणि तिचे डोळे मोठे झाले. “आत गुणगुण हाय गं! जिवंत हायत!”

“पण कोंडलं कुणी?” विश्वजीतने विचारलं आणि लगेच स्वतःच कपाळाला हात लावला. “आबा!”

सुभेदार सयाजी आबा म्हणजे काकांचे चुलते. गेल्या महिन्यात फौजेतून घरी आल्यापासून त्यांनी झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावला होता, दारातल्या चपला रांगेत उभ्या केल्या होत्या आणि मळ्यातल्या प्रत्येक भिंतीचं प्रत्येक भोक स्वतःच्या हाताने बुजवलं होतं.

विश्वजीतने सरळ जाऊन विचारून पाहिलं.

“माझा गिलावा फोडायचा? माश्यांसाठी? भोक म्हंजे बेशिस्त! पीछे मुड! तेज चल!” आबा गरजले.

दुपारच्या चहाला आयेशा मुद्दाम मोठ्याने म्हणाली, “अब्बू म्हणतात, ठोकल्यावर बद्द वाजला तर गिलावा पोकळ. एका पावसात गळून पडतो.”

“हळू बोल!” सृष्टी कुजबुजली, पण ओसरीभर ऐकू जाईल अशी. “मोटारीच्या खोलीकडे जातंय कोण बघायला?”

आबांच्या मिश्या थरथरल्या. “कुणाचा पोकळ? चला, दाखवा!”

काठीने ठोकत ते भिंतीसमोरून चालले. टण. टण. बद्द!

“छिन्नी आणा!” आबा कडाडले.

“आबा, कडंकडंनं काढा. हळू,” आयेशा काकुळतीने म्हणाली.

थोड्याच वेळात सिमेंटची खपली निघाली. मागे तपकिरी मेणाच्या इवल्याइवल्या कुंड्या होत्या. काही कोरड्या पडलेल्या, काहींवर मलूल माश्या. क्षणभर काहीच हललं नाही. मग एक बाहेर आली, दुसरी आली आणि बघता बघता धारच लागली!

“मागं व्हा!” आबांनी विश्वजीतला पाठीशी घातलं.

“न्हाई चावत आबा!” आवाज ऐकून धावत आलेली काकू म्हणाली. एक माशी आबांच्या मिशीवर बसली होती. ते हलले नाहीत.

“म्हंजे मी ह्यांना जित्तं कोंडलं व्हय?”

“पण काकडीचा काय संबंध?” काकूमागून आलेल्या आकाराम काकांनी विचारलं.

सृष्टीने दोन काकड्या त्यांच्या हातात ठेवल्या, एक धागेवाली, एक वाकडी. “हिला आम्ही पराग लावला, हिला कुणीच नाही. उसाला माश्यांची गरज नसते काका, त्यामुळे इकडे दुसऱ्या माश्या येतील कशाला? काकडीचं काम या भिंतीतल्याच करत होत्या.”

आबांनी छिन्नी खाली ठेवली. “आकाराम, वेल चांगला हाय. खोट माझ्या थापीत हाय.” मग ते मुलांकडे वळले. “आन् गिलावा पोकळ म्हणून मला फसवून आणलंत?”

“पोकळच होता की आबा!” आयेशा म्हणाली. “खोटं कुठं बोललो?”

आबा खो खो हसले. “असली डोकी माझ्या पलटणीत पायजे होती गड्या! शाब्बास!”

काकांनी फोन काढला, लालासाहेबांचा नंबर लावला. कानाला लावता लावता थांबले आणि फोन काकूपुढे धरला. “तूच सांग. रान तुझं हाय.”

काकूने हात पदराला पुसले.

“लालासाहेब भाऊजी, उद्याचा ट्रॅक्टर नको,” ती म्हणाली. “माझी काकडी अजून उभी हाय.”