कच्ची वीण

दवाखान्याच्या जिन्यात बसून तो एका हाताने बुटाची नाडी बांधू पाहत होता. दुसऱ्या हाताला जाड पट्टी. तिसऱ्यांदा गाठ सुटली, तशी जिना चढणारी एक तरुणी खाली वाकली आणि चटकन गाठ मारून मोकळी झाली.

"बांधलीत खरी... सोडवायला कुणाला बोलवू?"

"घरी कुणी नाही?"

"आई आहे. ती म्हणेल, लग्न कर."

थोड्या वेळाने तोच तिच्या टेबलासमोर हात पुढे करून बसला. तो घड्याळं दुरुस्त करणारा, ती दुखावलेल्या हातांना व्यायाम देणारी. काच लागून त्याच्या अंगठ्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, तुटली होती. सर्जननी ती सांधून वर बारीक जाळी शिवली होती.

"एवढी सूज कशाला?"

"जाळी परकी ना. शरीरातल्या पेशी आधी तिच्या अंगावर धावून जातात, भांडतात. मग त्यांच्यातल्याच काही नवी दोरी विणायला मदत करतात. ते भांडण अर्ध्यात दडपलं, तर वीण कच्ची राहते."

"नव्या सुनेसारखंच."

"अनुभव दांडगा दिसतोय."

"छे... जागा रिकामी आहे."

ती हसली. अंगठा हळूच वाकवताना त्याचा हात तिच्या हातात जरा जास्तच रेंगाळला.

"हा हात इथे तुमच्या हातात असतो," तो एकदा म्हणाला, "बाहेर... चालेल?"

"बरे व्हा, मग विचारा. पेशंटला मी हो म्हणत नसते."

त्यानंतर सूज भराभर ओसरली. दुखणंही गेलं. ती मनातून मोहरली, आणि ठरल्या दिवसाआधीच तिने त्याच्या हातात कडक स्प्रिंग दिली.

"दाबा."

तो तिच्याकडे बघत दाबत राहिला. आत काहीतरी तुटल्याचं तिच्या बोटांना आधी कळलं.

"आईच्या गुडघ्याच्या गोळ्या," तो पांढराफटक पडून म्हणाला. "सूज उतरवायच्या. रोज घेत होतो... लवकर बरा दिसावा म्हणून."

दुसऱ्या शस्त्रक्रियेत सर्जननी अंगठ्याचा सांधा सरळच जोडून टाकला, कधीच न वाकणारा. बारीक स्क्रू आता त्याच्या चिमटीत धरवेना. दुकान त्याने चुलतभावाला दिलं.

शेवटचा कागद घ्यायला आला, तेव्हा तो टेबलाशी उभाच राहिला.

"आता मी पेशंट नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"मी हो म्हणणार होते रे... त्याच आठवड्यात."

"आता म्हण."

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"तू हसलास, की मला वाटेल दुखतंय तुला. बरा आहेस म्हणालास, की मी तुझा हात चाचपून बघेन. असा संसार नको मला. तुलाही नकोच."

त्याने हात खिशात घातला. अंगठा बाहेरच राहिला, ताठ.