घाबरलेली मेथी

खारवळ नगरपंचायतीची प्रयोगशाळा म्हणजे जुना कोंडवाडा! तिथून मृण्मयी जी धावत सुटली, ती थेट मेथीच्या वाफ्यात. बघते तर काय, पानापानावर गलेलठ्ठ अळ्या! आणि राजधानीचे भाजीखरेदी अधिकारी डॉ. सोहोनी आजच येणार. माल पसंत पडला तर शेती राहणार, नाहीतर इथे गोदामं.

"मृण्मे, तुझ्या धीरकाठ्यांनीच घात केला गं!" नगराध्यक्ष इंदूकाकू कपाळाला हात लावून म्हणाल्या.

धीरकाठी हा मृण्मयीचाच शोध. अळी पान कुरतडते, पान थरथरतं, त्या थरथरीनं रोप घाबरतं आणि अळीला पळवणारा कडू रस तयार करतं. वाफ्यात रोवलेली धीरकाठी ती थरथरच पुसून टाकते. रोप निवांत, भाजी गोड. राजधानीतली पोरं मेथी चक्क मागून खायला लागली होती!

"पण काकू, निंबाचा अर्क फवारलाय की!"

"फवारलाय ना. अळ्या मिटक्या मारतायत."

मृण्मयीनं बांधावरच्या निंबाचं पान चावलं. गोड! काठ्यांशेजारी राहून निंबही निवांत झाला होता.

एवढ्यात डॉ. सोहोनी हजर. सगळं ऐकून म्हणाले, "काठ्या उपटा. पण अळ्या खाऊन सुस्तावल्यात, कुरतडायच्या थांबल्यात. रोपांना लगेच घाबरवणार कोण?"

"ते नंतर. आधी ठराव!" काकूंनी हाळी दिली.

खारवळात ठरावाला हात वर करत नाहीत. सभा बांधावर भरते आणि मान्य असेल त्यानं पोह्याचा पापड कडाकडा खायचा. ठरावाला एक, काम झालं की दुसरा.

पहिला पापड झाला. काठ्या उपटल्या. मग सगळ्या गावानं दुसरा पापड तोंडात घातला. कुर्रम, कुर्रम, कुर्रम!

वाफा शहारला. थोड्या वेळानं एक अळी टपकन खाली. मग दुसरी. मग टपाटप!

मृण्मयी नाचायलाच लागली. "काकू, अजून पापड आणा! रोपांना वाटतंय, गावाएवढी अळी आली!"

डबेच्या डबे रिकामे झाले. शेवटी सोहोनींनी मेथीचं पान चावलं. तोंड वाकडं झालं.

"कडू आहे," ते म्हणाले.

मृण्मयीचा चेहराच पडला. सोहोनींनी आणखी एक पान खुडलं. मग अख्खी काडी.

"अहो, किती दिवसांनी मेथीला मेथीची चव आली! पसंत!"

"नुसतं तोंडी नको साहेब," काकूंनी शेवटचा पापड पुढे केला.

सोहोनींनी कडकन घास घेतला, आणि उरलेली एकुलती एक अळी त्यांच्या बुटावर पडली.