काठावरची ओ

“त्याच्या हाकेला उगाच ओ देऊ नकोस हं, पोरी. एकदा दिलीस की जन्मभर द्यावी लागते,” त्याची आई म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं.

नौकाशर्यतींच्या क्लबात मी खेळाडूंची समुपदेशक म्हणून नुकतीच लागले होते. पहिल्याच सकाळी धक्क्यावर पाय घसरला... आणि वल्ह्यानं घट्टे पडलेल्या एका ओल्या हातानं मला सावरलं.

“मन सावरणाऱ्या मॅडम तुम्हीच का?”

“हो. तोल सोडून बाकी सगळं सावरते.”

सरावात तो सगळ्यांच्या पुढे. शर्यतीत मात्र सुरुवातीच्या रेषेवर हात गोठायचे. आता निवड चाचणी ही शेवटची संधी होती. श्वासाचे व्यायाम झाले, डोळे मिटून शर्यत बघणं झालं. उपयोग शून्य.

“आमच्या नावाडी लोकांत असं मुकाट्यानं पाण्यात जात नाहीत,” एकदा तो म्हणाला. “जाताना, परतताना हाक घालायची. काठावरून आपल्या माणसानं ओ दिली, की मगच वल्हं मारायचं. इथे कोण देणार?”

सापडलं! मी तडक त्याच्या आईकडे गेले आणि त्यांची ओ फोनवर रेकॉर्ड करून आणली. तेव्हाच त्यांनी मला बजावलं होतं.

त्यानं ती ऐकली. वल्हं हललं नाही.

“आई तिकडे भांडी घासतेय. ओ देणाऱ्यानं वाट बघायची असते, मॅडम.” आणि तो माझ्याकडे बघतच राहिला...

चाचणीच्या सकाळी दाट धुकं. रेषेवरून त्याची हाक आली. काठ गप्प. ओ नाही दिली तर तो तिथेच गोठणार... आणि दिली तर?

“ओ...!”

अख्खा धक्का वळून माझ्याकडे बघायला लागला. धुक्यात वल्हं पाण्यावर आपटलं.

निवड झाल्यावर तो समोर उभा राहिला, नखशिखान्त ओला.

“आईनं सांगितलं नव्हतं तुम्हाला?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

“मग उद्यापासून तुझं समुपदेशन दुसरं कुणीतरी करेल. मला... वाट बघायचीय.”

त्या ‘तुझं’वर तो लाजला. चक्क लाजला!

आज बाळ कडेवर आहे आणि धुकं तेव्हासारखंच. तो वळणापलीकडे गेलाय, परतीची हाक अजून नाही. बाळाचा पाय मी इतका घट्ट धरलाय की ते कुरकुरतंय. जन्मभर म्हणजे काय, ते रोज सकाळी नव्यानं कळतं...

आली! मी ओ दिली. बाळानंही ओठांचा चंबू केला.

तुमचंही कुणीतरी सकाळी बाहेर पडलंय ना? वाचन राहू द्या. आधी एक हाक मारून बघा... ओ येतेय का?