रागी आणि आठवं गाणं

चौबे कॉलनीतल्या घराची मागची खोली मी स्टुडिओ केली, तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. बाहेर रस्ते खोदले जात होते, लाल दिव्यांच्या गाड्या वाढल्या होत्या, आणि मी भिंतींना जुन्या गाद्या ठोकून गायकांची वाट पाहत होतो. नव्या राज्याला नवी गाणी लागतील असं मला वाटलं होतं. आले ते निवडणुकीच्या भोंग्यांसाठी घोषणा रेकॉर्ड करायला प्रचारवाले.

मग इरावती आली. ती स्वतः लिहायची, चाल लावायची, गिटारवर गायची. साथीला ड्रम आणि मांदर हा इकडचा ढोल. कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता तिला आठ गाण्यांचा अल्बम काढायचा होता. खरं सांगायचं तर ती मला आवडायची. तिला ते ठाऊक होतं, पण तिने त्याचा कधी बाऊ केला नाही.

सात गाणी झाली. आठवं तिच्या मोठ्या भावावर, राजसवर होतं. राज्य झालं त्या वर्षी तो छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीने अभनपूरला मित्राकडे निघाला आणि पोहोचलाच नाही. पोलीस, दवाखाने, सगळं पालथं घालून झालं. आई मात्र रेशनकार्डावरून त्याचं नाव काढू देत नव्हती.

"मले या गाण्यात रागी पाहिजे," इरावती म्हणाली. पंडवानीत, म्हणजे छत्तीसगडी महाभारत-गायनात, गाणाऱ्यासोबत रागी असतो. ओळ संपली की तो 'हव' म्हणतो. म्हणजे, हो, खरं आहे, पुढे सांग. "आत्ता जागा सोडून गाते. माणूस मंग आणू."

मे महिन्याची दुपार होती. पंखा बंद, गाद्यांच्या कापसाचा कुबट वास. ती गायली आणि मी ते वाजवून पाहिलं.

'राजस निघाला सकाळी.'

"हव."

'छोट्या गाडीत चढला.'

"हव."

पुरुषाचा आवाज, जरा बसलेला, अगदी माइकजवळचा. गाताना आम्हा दोघांनाही तो ऐकू आला नव्हता.

"राजसचा नाही हा," ती लगेच म्हणाली.

मी बीएस्सी झालेला माणूस. वायर बदलली, माइक बदलला, शेजाऱ्यांचा रेडिओ बंद करून आलो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या जागी आवाजाची रेघ सपाट होती. तरी प्रत्येक वेळी 'हव' आलं. फक्त 'येईल घरी तो परत' या ओळीनंतर जागा कोरीच राहायची.

"सोड हे गाणं," मी म्हणालो. "सात पुरे आहेत."

"काहून? तो खऱ्यालेच हव म्हणून राहिला, स्वानंद. मी ओळ बदलते."

'राजस वाटेत वारला,' ती गायली. आवाज जराही हलला नाही. मी ते वाजवलं. जागा कोरी.

तिने डोळे मिटून श्वास सोडला. मग पुन्हा गिटार घेतली.

'उतरला अभनपूरला.' कोरी.

'कुठेच नाही उतरला.'

"हव."

'गाडीत अजून बसला.'

या वेळी ओळ संपायच्या आतच 'हव' आलं.

इरावती उठली. "संध्याकाळची गाडी आहे. मी जाऊन राहिली."

"अवं, किती लोक बसतात त्या गाडीत! कोणाले दिसला नसता का?"

"सगळे स्टेशनातच विचारत बसले. त्याच्यासाठी गाडीत कोणी चढलं का?"

"मग मीही येतो."

"नको. तुह्या तोंडावर आत्ताच भेव दिसून राहिलं. आली की गाणं पुरं करू."

मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. ती खिडकीपाशी बसली, हात हलवला. अभनपूरला तिला घ्यायला तिची मैत्रीण मंजिरी उभी होती. तिने प्रत्येक डबा पाहिला. इरावती उतरली नाही.

पोलीस पुन्हा आले, पुन्हा तेच विचारून गेले. तिच्या आईने इरावतीचंही नाव रेशनकार्डावर तसंच ठेवलं.

आज मी आठवं गाणं उघडलं. पंखा बंद केला आणि माइकसमोर बसलो. मला गाता येत नाही, नुसतं बोललो.

'इरावती परत येईल.'

कोरी.

'इरावती गाडीत आहे.'

"हव."

'मी त्या गाडीत चढेन.'

"हव."

'ती मला दिसेल.'

"हव." फार मायेने आलं.

मग मी आणखी एक ओळ म्हटली. 'आम्ही दोघं अभनपूरला उतरू.' रागीसाठी पुरेशी जागा सोडली आणि मशीन थांबवलं.

ती ओळ मी वाजवून पाहिलेली नाही. गाडीची वेळ झाली आहे.