खोलीचं माप

त्यानं बेल वाजवली ती वरच्या मजल्याची समजून. दार मी उघडलं. हातात पेटी, खांद्यावर वायरींची वेटोळी...

"म्युझिक सिस्टीम लावायची आहे ना?"

"लावलेली आहे. पण बिघडली आहे," मी म्हटलं.

अठरा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा सत्तेचाळीसची, बिनलग्नाची, भावाच्या घरात राहणारी. अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थेत मी ध्वनिमुद्रणं तपासायची. गिळलेला शब्द, जास्तीचा श्वास... काही सुटायचं नाही माझ्या कानातून. पण महिनाभर घरी ऐकताना वाचणाऱ्याचा आवाज डावीकडे सरकलेला वाटत होता. खोलीचाच दोष, असं मी स्वतःला बजावत होते. आणि उजव्या कानाला फोन लावणं सोडलं होतं.

वरचं काम आटोपून तो आला. माझ्या खुर्चीत, माझ्या कानाच्या उंचीवर, त्यानं छोटा माइक उभा केला.

"यंत्र आता आवाज सोडेल. तो भिंतींवर आपटून कसा परत येतो ते ऐकेल आणि आपलं आपण दुरुस्त करून घेईल. पंखा बंद. बोलायचं नाही."

"श्वास?"

"घ्या की. पण हळूच."

स्पीकरमधून खोल घुमणारा सूर निघाला आणि चढत चढत बारीक शीळ झाला. आम्ही भिंतीला टेकून उभे. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी माइककडे... अगदी नेटानं.

"ऐका आता."

आवाज डावीकडेच होता. "अजून कलतोय," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात त्यानं आठ जागी माइक ठेवून पाहिला. मग पुन्हा आला. वहिनी दारातून म्हणाली, "वन्सं, एवढ्या मापात शिंप्यानं अख्ख्या घराला अंगरखा शिवला असता!"

मी हसले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. खोली जुळली, तर हा यायचा थांबेल. आणि जुळूनही आवाज कललेलाच राहिला, तर—

चौथ्या खेपेला त्यानं माइक पेटीतून काढलाच नाही. "खुर्ची फिरवा. स्पीकरकडे पाठ करून बसा."

आवाज सुरू झाला. पुन्हा माझ्या डावीकडे! मघाशी तिथं खिडकी होती, आता कपाट होतं. स्पीकर जागचे हलले नव्हते. मी फिरले होते, आणि कल माझ्याबरोबर फिरला होता.

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. "खोली केव्हाच जुळली होती ना?"

"पहिल्याच दिवशी."

"मग इतक्यांदा का आलात?"

"तुम्ही बोलवत होतात. आणि..." तो वायर गुंडाळत राहिला. "मला यायचं होतं. पण अजून गप्प बसलो, तर तुमच्या कानाचं नुकसान होईल. माझ्या हौसेपायी ते नको."

"माझं काम जाईल हो." मी म्हटलं. "भीती वाटते मला."

"मी येतो डॉक्टरांकडे. बाहेर बसेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात. उजवा कान आता परत येणार नाही, तपासणीचं काम सुटेल आणि मी संस्थेतल्या नव्या वाचणाऱ्यांना शिकवू लागेन, यातलं काहीच तेव्हा ठाऊक नव्हतं.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "सोबत कोण? नातं काय लिहू?"

"मी... म्हणजे यांच्या सिस्टीमचा—" तो अडखळला.

"होणारे यजमान," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच. रांगेतले चार जण वळून बघायला लागले.

तो लालबुंद. "अहो, मला विचारलंत तरी का?"

"विचारते ना. आत येता?"

त्यानं माझी पर्स उचलली आणि माझ्या आधी पुढे होऊन दार उघडून धरलं.